काळा गहू, पांढरी ज्वारी आणि माझी एक बातमी

काल दुपारी एका बियाणेवाल्याचा फोन आला. पुढच्या आठवड्यात आपल्याकडे कृषी प्रदर्शन आहे, त्यात त्यांचा स्टॉल. प्रेसनोट पाठवतो, फोटोसकट लावा, सोबत पाव पान जाहिरात देतो म्हणाले. प्रेसनोट आली. मथळासुद्धा तयार होता: काळा गहू, मधुमेह आणि कर्करोगावर रामबाण. मी म्हणालो, हे छापता येणार नाही. पलीकडचा माणूस हसला. "साहेब, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच छापलं होतं की. आमच्याकडं कात्रण आहे."

खरं आहे. मीच छापलं होतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. रब्बीची पेरणी तोंडावर आहे आणि यात तुमच्या खिशाचा प्रश्न आहे.

तीन वर्षांपूर्वी असंच प्रदर्शन होतं. रात्री आठ वाजता पान सोडायचं होतं, जागा रिकामी होती आणि हातात प्रेसनोट होती. चार ओळी इकडच्या तिकडं केल्या आणि लावून टाकली. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या महिन्यात शिकवतात की दावा करणाऱ्याशिवाय दुसऱ्या एका माणसाला तरी फोन करा. मी केला नाही. आमच्या धंद्यात याला 'बातमी भरली' म्हणतात.

ती बातमी वाचून आमच्या थोरल्या चुलतभावाने, दादांनी, अर्धा एकर काळा गहू पेरला. बियाणं नेहमीच्या गव्हाच्या तिप्पट दराने घेतलं. कंपनी माल परत घेणार असं तोंडी ठरलं होतं. उतारा शेजारच्या लोकवनपेक्षा बराच कमी आला. काढणीनंतर कंपनीचा फोन लागेना. दादा पोती घेऊन अडतीवर गेले, तर अडत्याने मूठभर दाणे हातात घेऊन विचारलं, "हे काय आणलं? भिजलंय का?" सौद्याला लावलंच नाही. पोती परत घरी आली.

इथवरचं नुकसान पैशाचं. पुढचं सांगताना मला आजही लाज वाटते. काकूंना दहा वर्षांपासून साखरेचा त्रास. घरात काळ्या गव्हाच्या पोळ्या सुरू झाल्या आणि काकूंनी कुणाला न सांगता गोळ्या आधी निम्म्या केल्या, मग बंद. तीन आठवड्यांनी चक्कर येऊन पडल्या. साखर चारशेच्या वर. पाच दिवस दवाखान्यात होत्या. दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. वहिनी बोलल्या. "भावजी, तुम्ही पेपरात लिवलं म्हणून आत्याबाईंनी गोळ्या सोडल्या. आमचं कुणी ऐकलं नसतं त्यांनी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यानंतर मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. वाचलं, जाणकारांना विचारलं. धान्याचा रंग कुठून येतो, का येतो, का जातो. जे समजलं ते सांगतो. समजल्यावर राग फक्त त्या स्टॉलवाल्याचा नाही आला, अडतीचाही आला. आणि आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांचाही.

पहिली गोष्ट. कुठल्याही दाण्याचा आतला भाग, ज्याचं पीठ होतं, तो बहुतेक स्टार्चच. रंग असतो तो वरच्या सालीत, नाहीतर सालीखालच्या कागदासारख्या पातळ थरात. काळ्या गव्हातही हेच. त्याचा काळेपणा दोन ठिकाणांहून येतो. सालीतला जांभळा रंग, तो इथिओपियातल्या जुन्या गव्हांत सापडतो. सालीच्या आतल्या थरातला निळा रंग, तो गव्हाच्या रानटी नातेवाईक गवतांकडून संकरातून आणलेला. जांभळा अधिक निळा, डोळ्यांना दिसतो काळा. आपल्याकडे मोहालीच्या राष्ट्रीय कृषी अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'नाबी'ने, असे रंगीत गहू तयार केले. काम खरं आहे, शास्त्रज्ञ खरे आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांच्या कामाचं बोट धरून जो बाजार भरलाय, त्याच्याशी आहे.

तो जांभळा-निळा रंग म्हणजे अँथोसायनिन. नाव भारी आहे, पण वस्तू तुमच्या ओळखीची आहे. जांभळाच्या गरात तीच, काळ्या द्राक्षाच्या सालीत तीच, वांग्याच्या सालीत तीच, लाल कांद्यातसुद्धा त्याच कुळातली. ती शरीराला चांगली असावी असं मानायला आधार आहे, त्यावर जगभर अभ्यास चाललेत. पण प्रयोगशाळेत उंदरावर काहीतरी दिसणं वेगळं आणि काकूंच्या गोळ्या बंद होणं वेगळं. काळ्या गव्हाच्या पोळीतही स्टार्च आहेच आणि पोटात गेल्यावर त्याची साखर होतेच. गोळीच्या जागी ती पोळी चालते असं कुठल्याही डॉक्टरने मला सांगितलं नाही. रंग सालीत असल्यामुळे मैदा काढला तर तो कोंड्यात जातो. तापवलं की त्यातला काही भाग नष्ट होतो. तव्यावरची पोळी म्हणजे तापवणंच आलं.

आणखी एक. काळा गहू धुतला की पाणी जांभळट होतं, त्यावरून गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो रंग दिलाय, दुसरा म्हणतो हीच अस्सलची खूण. दोघंही घाई करतात. अँथोसायनिन पाण्यात सुटतंच, त्यामुळे रंग सुटला म्हणून माल नकली ठरत नाही. त्या पाण्यात लिंबू पिळा. खरा असेल तर पाणी लालसर-गुलाबी होईल. एवढ्याने बियाणं शुद्ध आहे हे मात्र सिद्ध होत नाही, फक्त रंग कुठला ते थोडं कळतं.

आता कायद्याचं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. त्याच्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि तो फक्त विकणाऱ्याला नाही. जो प्रसिद्ध करतो, प्रसिद्धीत सहभागी होतो, त्यालाही. त्याच्या कितीतरी आधीचा, १९५४ चा, औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेहही आहे आणि कर्करोगही. म्हणजे 'कर्करोगावर रामबाण' छापणाऱ्या माझ्यासारख्याने आधी स्वतःचा गळा चाचपावा. माझ्या पत्रकार मित्रांनो, तुमच्याकडेही तीच प्रेसनोट आली असणार. बघा बुवा.

स्टॉलवर आणखी एक टेप वाजते. काळा तांदूळ हा म्हणे मूळ, आदिम, ऋषिमुनींचा तांदूळ, आपण त्याला विसरलो आणि पांढऱ्याच्या नादी लागलो. ऐकायला गोड आहे. पण निसर्गात उगवणारा रानटी भात सोलला तर आतला दाणा लाल निघतो, काळा नाही. काळा रंग माणसाने भात लावायला लागल्यानंतरचा. जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हे उलगडून दाखवलं. एका जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागात उलथापालथ झाली, त्यामुळे ते जनुक सालीत नको तितकं चालू राहिलं आणि दाणा काळा झाला. हे आधी जपोनिका गटातल्या भातात झालं आणि मग संकरातून बाकीच्या भातांत पसरलं. कुठल्यातरी शेतकऱ्याला तो दाणा आवडला, त्याने वेगळा काढून ठेवला, म्हणून तो आज आहे. मणिपूरच्या चाक-हाओ या काळ्या सुवासिक तांदळाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते लोक तो खीर करून, सणावाराला, कौतुकाने खातात. औषध म्हणून विकत नाहीत. खाण्याची गोष्ट खाण्यासारखी राहू द्या ना.

पांढऱ्याची गोष्ट याच्या उलट, आणि मला तर जास्त भारी वाटते. लाल भाताचा पांढरा कसा झाला? रंग तयार करा असा हुकूम देणारं एक जनुक आहे, त्याचं नाव आरसी. त्याच्यातली फक्त १४ अक्षरं गळाली. डीएनएची १४ अक्षरं. हुकूम अर्धवट राहिला, रंग बनायचा थांबला. आज जगात पिकणाऱ्या पांढऱ्या तांदळाच्या बहुसंख्य जातींत हीच, अगदी हीच १४ अक्षरं गायब आहेत. म्हणजे एकदा कुठेतरी घडलेली चूक माणसांनी उचलली आणि हातोहात जगभर नेली. का नेली? पांढरा तांदूळ लवकर शिजतो, त्यात खडा-किडा पटकन दिसतो, आणि पेरला की सगळा एकदम उगवतो.

हे शेवटचं लक्षात ठेवा. कारण त्याच आरसी जनुकाकडे दुसरंही काम आहे. दाण्याला झोपवून ठेवायचं. लाल दाणा पाऊस लागला म्हणून लगेच कोंब काढत नाही, थांबतो. रानात हे गरजेचं असतं. नाहीतर अवेळी सरीने सगळं बी उगवून मरायचं. पांढरा करताना आपण ती झोपही घालवली.

गव्हातही असंच. गव्हाच्या लाल रंगाची तीन जनुकं आहेत, तीन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. तिघांतलं एकजरी चालू असलं तरी दाणा लाल. तिन्ही बंद पडली की पांढरा, ज्याला आपण सोनेरी, शरबती म्हणतो. आणि लाल गहू काढणीच्या पावसात सोनेरीपेक्षा कमी कोंब काढतो. मार्चमधल्या अवकाळीत उभ्या ओंबीतल्या गव्हाला मोड आलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

मग आपण लाल गहू का नाही लावत? कारण खायचा नाही. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४. हरितक्रांती तिथून सुरू झाली असं आपण शाळेत शिकलो. शाळेत हे नाही शिकवलं की दोन्ही गहू लाल होते आणि बाजारात त्यांना भाव कमी मिळायचा. लोक म्हणायचे पोळी लाल होते. देशात धान्य नाही, अमेरिकेच्या जहाजांची वाट बघतोय, आणि गिऱ्हाईक म्हणतंय रंग नको! शेवटी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत स्वामिनाथन आणि सहकाऱ्यांनी सोनोरा ६४ वर किरणांचा मारा करून त्यातून सोनेरी दाण्याचा शरबती सोनोरा काढला. कल्याण सोना आणि सोनालिका हे सोनेरी गहूही त्याच सुमाराचे. नावातच सोनं आलं. मी शास्त्रज्ञांना दोष देत नाही, त्यांनी शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून केलं. पण रंगाची किंमत केवढी, ते बघा.

आपल्या भागात लाल म्हटलं की ७२ चा दुष्काळ आठवतो. माझा जन्म नंतरचा, पण आई अजून सांगते. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. भाकरी लाल, थापताना चिरा पडायच्या, आणि गावात बोलायचे की तिकडं ही जनावरांना घालतात. खडी फोडून आलेल्या माणसाने ती खाल्ली आणि जगला. पण मनात बसलं ते बसलं. लाल ज्वारी म्हणजे लाचारी. पन्नास वर्षं झाली तरी लाल ज्वारीचं नाव काढलं की म्हातारी माणसं तोंड फिरवतात. त्यात त्या दाण्याचा काय दोष? ज्वारीत सालीचा लाल रंग वेगळ्या जनुकांचा आणि तुरटपणा आणणारं टॅनिन वेगळ्या जनुकांचं. लाल असून टॅनिन अजिबात नाही, अशी ज्वारी असते. रंग बघून चव ठरवणं म्हणजे पत्ता बघून माणूस ठरवणं झालं.

आणि आता आजचं. परवा मोंढ्यात गेलो होतो. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस जायचं नाव घेत नाही. खरिपाची संकरित ज्वारी कणसातच भिजली, काळी पडली. एक शेतकरी पाच पोती घेऊन आला होता. खरीददाराने परखी खुपसली, दाणे हातावर घेतले, फेकले आणि पुढच्या ढिगाकडे गेला. भावही बोलला नाही. हमीभाव कागदावर आहे. २०२५-२६ ला संकरित ज्वारीला ३६९९ रुपये, मालदांडीला ३७४९. पण तो चांगल्या दर्जाच्या मालाला. काळी पडली की दर्जा संपला, केंद्रही बंद, हमीभावही बंद.

इथे मी प्रामाणिक राहतो. ही काळी ज्वारी फेकणाऱ्याचं सगळंच चुकत नाही. हा काळेपणा जनुकाचा नाही, बुरशीचा आहे. १९९५ मध्ये दख्खनच्या काही गावांत पावसात भिजलेली, बुरशी धरलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते, आणि त्या धान्यात फ्युमोनिसिन नावाचं बुरशीचं विष सापडलं होतं. तेव्हा फार बुरशी लागलेली ज्वारी स्वस्त मिळाली म्हणून दळून खाऊ नका. जनावरालाही जपून.

पण विचार करा, ही वेळ येते कशी. सालीत लाल रंगाची आणि टॅनिनची द्रव्यं असलेली ज्वारी बुरशीला जास्त दाद देत नाही. पाखरंही तिला कमी खातात. म्हणून तर आफ्रिकेत जिथे पाखरांचे थवे पडतात तिथल्या शेतकऱ्यांनी अशी ज्वारी शतकानुशतकं राखली. आपण तिचा चिलखतासारखा थर काढून टाकला, कारण आपल्याला भाकरी पांढरी पाहिजे. रब्बीत ते चाललं. मालदांडी कोरड्या हवेत पिकते, तिला चिलखताची गरज नाही, म्हणून ती मोत्यासारखी राहते. तिच्या पांढरेपणात थंडीचा आणि कोरड्या हवेचा मोठा वाटा आहे. तोच पांढरा दाणा आपण भर पावसात खरिपात उभा केला, तोही लवकर पिकणारा, म्हणजे दाणा भरताना पाऊस हमखास. आणि काळा पडला की शेतकऱ्याला म्हणतो, माल खराब. मग तो सोयाबीनकडे जाणार नाही तर काय करणार? खरिपातून ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर दावणीची जनावरं गेली. यात पांढऱ्या भाकरीचा हट्ट किती, कापसा-सोयाबीनच्या भावाचा वाटा किती, याचा हिशोब कुणी मांडायला तयार असेल तर मी छापीन. दोन पानं देईन.

रंगाने फसायचं नाही याचं उदाहरण लांब शोधायला नको. परभणी शक्ती. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅटने मिळून काढलेली, २०१८ मध्ये आलेली ज्वारी. लोह आणि जस्त जास्त. ज्या भागात निम्म्या लेकीसुनांचं रक्त कमी असतं तिथे ही खरी बातमी. पण लोह डोळ्याला दिसत नाही. दाणा चारचौघींसारखाच. त्यामुळे तिचा फोटो कुणी व्हॉट्सॲपवर फिरवत नाही, तिच्या स्टॉलवर गर्दी होत नाही, आणि मीही तीन वर्षांपूर्वी तिच्यावर एक ओळ लिहिली नव्हती. काळ्या गव्हावर पाव पान लिहिलं होतं.

मला माहितीय, कमेंटमध्ये दोन प्रकारचे लोक येणार. एक म्हणतील, तू कंपन्यांचा माणूस, देशी वाणांच्या विरोधात. अरे बाबांनो, कोकणातला लाल उकडा तांदूळ, आपली हुरड्याची गुळभेंडी, खपली, हे सगळं राखलं पाहिजे असंच मी म्हणतोय. चवीसाठी राखा, पावसात टिकतं म्हणून राखा, पुढच्या संकराला त्यातलं जनुक लागेल म्हणून राखा. आजाराची भीती घालून विकू नका एवढंच. दुसरे म्हणतील, आम्हाला काळ्या गव्हाने फरक पडला. पडला असेल. मैद्याचा पाव सोडून कोंड्यासकट गहू खाल्ला तर फरक पडतोच, तो लोकवनच्या कोंड्यानेही पडतो. आणि त्याची किंमत तिप्पट नाही.

त्या प्रेसनोटचं मी काय केलं ते सांगतो. जाहिरात नाकारली, आणि मालकांना कारण लेखी दिलं. मालक नाराज आहेत, पाव पानाचे पैसे थोडे नाहीत. उद्याच्या अंकात तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या बातमीची दुरुस्ती येतेय, माझ्या नावाने. पहिल्या पानावर मागितली होती, पाचव्यावर मिळाली.

प्रदर्शनाला तुम्ही जाल, जा. काळ्या गव्हाच्या स्टॉलवर थांबलात तर पिशवीवरचं लेबल वाचा: वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवण टक्का, चाचणीची तारीख. हे वाण महाराष्ट्रासाठी अधिसूचित आहे का, ते तिथल्या तिथे तालुका कृषी अधिकाऱ्याला फोन लावून विचारा. पक्कं बिल मागा. माल परत घेणार म्हणाले तर स्टॅम्पवर लिहून मागा, दरासकट. आणि कुणी साखरेचं, कॅन्सरचं नाव काढलं तर मोबाइलचा व्हिडिओ चालू करून पुन्हा बोलायला सांगा. व्हिडिओ मला पाठवा, नंबर तुमच्याकडे आहेच.

मी तिन्ही दिवस तिथे असेन. दादाही येणार आहेत. त्यांच्याकडे काळ्या गव्हाचं एक पोतं अजून शिल्लक आहे, ते घेऊन येतो म्हणालेत. स्टॉलवाल्याने परत घ्यायचं कबूल केलं होतं, बघू घेतो का.